शर्यतीनंतरचे आयुष्य

ग्रेहाउंड कुत्र्यांची शर्यत सुरू झाली आणि प्रेक्षकाने शेजाऱ्याशी चार शब्द बोलून मान वळविली, तोवर ती संपलेलीही असते. पाचशे मीटरांच्या आसपासचे अंतर कापावयास या कुत्र्यांना सुमारे अर्धा मिनिट पुरतो. त्या अर्ध्या मिनिटासाठी त्यांची पैदास होते, त्यांना शिकविले जाते, त्यांच्यावर पैजा लागतात आणि वर्तमानपत्रांतून त्यांची नावे छापून येतात. परंतु कुत्र्याचे आयुष्य काही अर्ध्या मिनिटाचे नसते. ग्रेहाउंड साधारणतः दीड वर्षाच्या सुमारास शर्यतीत उतरतो आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान मैदानातून बाहेर पडतो. त्याचे आयुर्मान मात्र दहा ते तेरा वर्षांचे असते. हिशेब मांडला तर दोन-तीन वर्षांची धाव आणि सात-आठ वर्षांची निवृत्ती, असे त्याच्या जीवनाचे प्रमाण पडते. या दुसऱ्या, मोठ्या भागात त्याचे आरोग्य कसे राखावे आणि एका जगातून दुसऱ्या जगात येऊन पडलेला हा प्राणी पुन्हा कसा सावरतो, हा या भाषणाचा विषय आहे.

बेळगावच्या बाजूच्या श्रोत्यांना मुधोळच्या शिकारी कुत्र्याची ओळख असेल. घोरपड्यांच्या संस्थानात ज्याची जोपासना झाली आणि महाराष्ट्रात ज्याला कारवानी म्हणतात, तो हा कुत्रा लांबट तोंडाचा, खोल छातीचा, पोट आत ओढलेला आणि उंच पायांचा असतो. तो वासावर फारसा विसंबत नाही. सावज डोळ्यांनी हेरतो आणि वेगाने गाठतो. ग्रेहाउंड हा याच प्रकृतीचा कुत्रा होय. ताशी सुमारे पासष्ट किलोमीटर वेगाने तो धावू शकतो. भरधाव असताना प्रत्येक झेपेत दोन वेळा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. प्राण्यांत असा धावपटू क्वचितच आढळतो.

पूर्वी या कुत्र्यांकडून मोकळ्या रानात सशाची शिकार करवीत. आजची बंदिस्त मैदानातील शर्यत ही विसाव्या शतकातील गोष्ट आहे. ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने रुळावरून विजेच्या साहाय्याने धावणारा कृत्रिम ससा तयार केला आणि १९१९ साली कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे त्याच्यामागे कुत्रे सोडले. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर इंग्लंडातील अशी पहिली शर्यत झाली. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या कामगाराला संध्याकाळी परवडेल अशी ही करमणूक होती, त्यामुळे ती वणव्यासारखी पसरली. आयर्लंड व ऑस्ट्रेलियातही तिने मूळ धरले.

त्याच वर्षी, १९२६ मध्ये, आयर्लंडातील ऑफली परगण्यात एक पिल्लू जन्मास आले. त्याचे मालक त्या खेड्याचे धर्मगुरू फादर मार्टिन ब्रॉफी हे होते. पिल्लाचे नाव ‘मिक द मिलर’. लहानपणीच त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा भयंकर सांसर्गिक रोग जडला. त्या काळी या रोगातून कुत्रा वाचणे दुर्मिळ होते. परंतु डब्लिनच्या शेल्बर्न पार्क मैदानावरील एका जाणकार माणसाने त्याची रात्रंदिवस शुश्रूषा केली आणि कुत्रा बचावला. पुढे १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने इंग्लंडातील डर्बी जिंकली. १९३९ साली तो वारला, तेव्हा त्याचा देह पेंढा भरून जतन करण्यात आला व तो इंग्लंडातील ट्रिंग येथील संग्रहालयात ठेवला आहे. या कथेत कुत्र्याची चिकाटी जेवढी आहे तेवढाच त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचा वाटा आहे. पुढील विवेचनात हीच गोष्ट वारंवार दिसून येईल.

मिक द मिलरला त्याच्या कीर्तीने तारले. ज्यांना कीर्ती नव्हती त्या हजारो कुत्र्यांचे काय झाले, हा प्रश्न फार काळ कोणी विचारलाच नाही. वेग मंदावला अथवा पाय मोडला की बहुतेकांच्या नशिबी मरणच येई. ही स्थिती हळूहळू पालटली. १९७५ साली ब्रिटनमध्ये निवृत्त ग्रेहाउंडांना घरे मिळवून देणारी एक संस्था निघाली. अन्य देशांतही तशा संस्था उभ्या राहिल्या. लोकमतही बदलत गेले. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील मतदारांनी २०१८ साली या शर्यतींविरुद्ध कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस तेथील मैदाने बंद पडली. न्यूझीलंडच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या देशातील शर्यती थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. मात्र मैदान बंद पडले म्हणून त्यावरचे कुत्रे नाहीसे होत नाहीत. उलट त्यांचा प्रश्न एकदम समोर येऊन उभा राहतो.

मकाव येथे नेमके हेच घडले. गोव्याच्या श्रोत्यांना हे नाव नवे नाही. १८४४ सालापर्यंत मकावचा कारभार गोव्यातूनच चाले. तेथील शर्यतीचे मैदान २०१८ च्या जुलै महिन्यात कायमचे बंद झाले, तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंड मागे उरले. त्यांपैकी बहुतेक ऑस्ट्रेलियातून आणलेले होते. वर्षानुवर्षे लहान कोठड्यांत राहिलेल्या या कुत्र्यांची जबाबदारी तेथील प्राणिरक्षक संस्थेने घेतली. त्यांची तपासणी झाली, दातांवर व जखमांवर उपचार झाले आणि मग विमानांतून त्यांना इटली, इंग्लंड, अमेरिका इत्यादी देशांतील कुटुंबांकडे धाडण्यात आले. ज्यांनी कधी जिना पाहिला नव्हता, ते कुत्रे काही महिन्यांत लोकांच्या दिवाणखान्यात निजू लागले.

परंतु कुत्र्याला घर मिळाले म्हणजे काम संपले, असे नाही. खरे काम तेथून सुरू होते. ‘कुत्रा तो कुत्रा, जे एकाला लागू ते सर्वांना लागू’ या समजुतीने जो ग्रेहाउंडाची निगा राखील, तो पुष्कळदा फसेल. शेकडो वर्षांच्या निवडक पैदाशीने आणि मैदानावरील शिक्षणाने या कुत्र्याचे शरीर आतून निराळे घडले आहे. म्हणून इतर जातींचे मोजमाप त्याला लावले तर निरोगी कुत्रा आजारी ठरतो आणि आजारी कुत्रा निरोगी ठरतो.

याचे पहिले उदाहरण रक्ताचे. रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण सामान्य कुत्र्यांत शेकडा ३७ ते ५५ च्या दरम्यान असते. ग्रेहाउंडात ते ५० ते ६५ च्या घरात जाते. धावताना स्नायूंना भरपूर प्राणवायू पुरवावा लागतो, म्हणून ही निसर्गाची व पैदाशीची तजवीज. आता एखाद्या निवृत्त ग्रेहाउंडाच्या रक्तात हे प्रमाण ४० आले, तर छापील कोष्टकाप्रमाणे सर्व काही ठीक दिसेल. वास्तविक त्याला रक्तक्षय झालेला असण्याचा संभव आहे. याउलट रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या बिंबिका आणि पांढऱ्या पेशी या कुत्र्यात मुळातच कमी असतात. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही, तो नसलेल्या रोगाचा शोध घेत बसेल.

थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथीच्या बाबतीत अशी चूक फार वेळा झालेली आहे. ग्रेहाउंडाच्या रक्तात या ग्रंथीच्या स्रावाचे प्रमाण स्वभावतःच कमी असते. त्यात त्याच्या मांड्यांवरचे केसही पुष्कळदा विरळ असतात. हे दोन्ही पाहून ग्रंथी मंद झाल्याचे निदान केले जाते आणि निरोगी कुत्र्याला जन्मभर गोळ्या चारल्या जातात. हृदयाचेही तसेच. देहाच्या मानाने ग्रेहाउंडाचे हृदय इतर कुत्र्यांपेक्षा मोठे असते आणि त्याच्या ठोक्यांत हलकी फुरफुर ऐकू येणे हे नेहमीच रोगाचे लक्षण नसते. स्नायू भरदार असल्यामुळे रक्तातील क्रिएटिनिनही थोडे जास्त निघते, तेवढ्यावरून मूत्रपिंड बिघडल्याचा निष्कर्ष काढावयाचा नसतो. रक्तदाबाची गंमत तर आणखी निराळी आहे. दवाखान्यात शिरताच हा भिडस्त प्राणी इतका बावरतो की तेथे मोजलेला रक्तदाब घरी मोजलेल्यापेक्षा स्पष्टपणे अधिक भरतो. तात्पर्य, कुत्रा निरोगी असतानाच त्याच्या रक्ताची एकदा तपासणी करून तो कागद जपून ठेवावा, हे उत्तम. पुढे आजार आला की छापील कोष्टकाऐवजी त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्यांशी तुलना करता येते.

दुसरी सावधगिरी भूल देण्याची. ग्रेहाउंडाच्या अंगावर चरबी अगदी थोडी. शिवाय काही औषधांचे विघटन करणारे यकृतातील एक द्रव्य त्याच्यात कमी प्रमाणात असते. पूर्वी सर्रास वापरली जाणारी थायोपेंटालसारखी बार्बिट्युरेट वर्गातील भुलीची औषधे त्यामुळे त्याच्या रक्तात फार वेळ रेंगाळत. इतर कुत्रा तासाभरात उठून बसावा, तेथे हा कित्येक तास झोकांड्या खात पडून राही, आणि काही वेळा दगावेही. आता याहून सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत. तरीही शस्त्रक्रियेपूर्वी ‘हा ग्रेहाउंड आहे’ असे पशुवैद्याला मुद्दाम सांगणे, हे मालकाचे पहिले कर्तव्य होय. भुलीच्या अमलात त्याचे अंग लवकर थंड पडते, आणि भीतीने ते तापतेही. म्हणून शुद्धीवर येईपर्यंत तापमानावर लक्ष ठेवावे लागते.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, टाके नीट बसले, कुत्रा घरी आला, म्हणून मालकाने निश्चिंत होऊ नये. काही ग्रेहाउंडांत शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो. जखमेभोवती निळसर काळे डाग पसरत जातात आणि प्रसंगी जिवावर बेतते. याचे कारण असे की, रक्ताची गुठळी होण्यात अडचण नसते; झालेली गुठळी शरीर फार लवकर विरघळवून टाकते. निर्बीजीकरणासारख्या साध्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे एक चतुर्थांश ग्रेहाउंडांत असा स्राव झाल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले. गुठळी टिकवून धरणारी औषधे काही दिवस दिल्याने हा धोका पुष्कळ कमी होतो. परंतु त्यासाठी तो आधी ठाऊक असावयास हवा.

आता जी व्याधी सर्वांत अधिक आढळते आणि जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, तिच्याकडे वळू. ती म्हणजे दातांची. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींचा जो मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ग्रेहाउंडांपैकी सुमारे ३९ टक्के कुत्र्यांना दातांचा व हिरड्यांचा विकार असल्याचे दिसून आले. मैदानावरच्या काळात मऊ, कालवलेले अन्न आणि दातांची निगा नाही, हे याचे एक कारण मानतात. निवृत्त कुत्रा घरी येतो तेव्हा त्याच्या दातांवर पिवळे किटण चढलेले असते, तोंडास दुर्गंधी येते आणि काही दात काढूनच टाकावे लागतात. त्यानंतर कुत्र्यांसाठी असलेल्या लेपाने रोज दात घासणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. माणसांचे दंतमंजन अथवा लेप मात्र वापरू नये. त्यातील काही द्रव्ये कुत्र्याला अपायकारक असतात. प्रारंभी नुसते बोट हिरड्यांवरून फिरवावे, मग मऊ ब्रश आणावा. पंधरा दिवसांत कुत्रा आपणहून तोंड पुढे करू लागला, तरी नवल मानू नये.

मैदान या कुत्र्याच्या हाडांवरही आपली खूण ठेवते. शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे सतत डावीकडे वळत होतात. माणूस वळणावर वेग कमी करतो. ग्रेहाउंड करीत नाही. त्यामुळे वळणावर त्याच्या पायांवर येणारा भार अतोनात वाढतो. हा ताण पुनःपुन्हा सोसून मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातील एक लहानसे हाड दाट व कठीण बनते, आणि एखाद्या दिवशी पिचते. पुष्कळांची कारकीर्द याच ठिकाणी संपते. असे हाड जुळून आले तरी म्हातारपणी त्या सांध्यात संधिवात धरण्याचा संभव असतो. अशा कुत्र्याला नियमित पण बेताचे चालणे, वजनावर ताबा आणि हिवाळ्यात ऊब या तिन्ही गोष्टी औषधाइतक्याच उपयोगी पडतात. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात. तेथे सतरंजी अंथरली तरी त्याचे निम्मे भय जाते.

पायाचीच आणखी एक तक्रार आहे. ग्रेहाउंडाच्या पंज्याच्या गादीत, विशेषतः पुढच्या पायांच्या मधल्या बोटांखाली, माणसाला होते तसे कुरूप होते. काही ठिकाणी त्याला भोवरी म्हणतात. दिसावयास ते डाळीएवढे, पण त्याचा सल फार. ते ओळखण्याची सोपी खूण अशी की, कुत्रा डांबरी रस्त्यावर लंगडतो आणि हिरवळीवर आला की व्यवस्थित चालतो. वेळोवेळी ते कोरून काढावे लागते. मऊ मोज्यांनी आराम पडतो. अलीकडे बोटाचा विशिष्ट स्नायुबंध कापून गादीवरचा दाब कमी करण्याचा उपायही पशुवैद्य योजू लागले आहेत.

परंतु लंगडणे हे सदैव कुरपाचे अथवा जुन्या दुखापतीचे नसते, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे. निवृत्त ग्रेहाउंडांत हाडांच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे आहे. वय वाढलेल्या कुत्र्याने एकाएकी पाय धरला की ‘शर्यतीत लागले असेल, जाईल आपोआप’ असे म्हणून दिवस घालवू नयेत. क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. या रोगात पुष्कळदा तो पाय कापून टाकणे हाच वेदनेपासून सुटकेचा मार्ग असतो. शस्त्रक्रियेबरोबर औषधयोजना केली, तर साधारणतः वर्षभराच्या आसपास, काहींना त्याहून अधिक, आयुष्य मिळते. काळ थोडा खरा, पण तो वेदनारहित असतो. येथे या प्राण्याची जीवनशक्ती विशेष प्रत्ययास येते. मालक अश्रू ढाळीत असतो आणि कुत्रा मात्र शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीन पायांवर तोल सावरून अंगणात निघतो. आपला एक पाय गेला याचे दुःख त्याला झालेले दिसत नाही. दुखणारा पाय गेला, एवढेच त्याला उमगते.

नित्याच्या निगेच्या गोष्टी साध्या आहेत. ग्रेहाउंडाची कातडी पातळ असते. काटेरी कुंपणाला घासले तरी ती टरकन फाटते. अंगावर चरबीची गादी नसल्याने उघड्या फरशीवर निजला की कोपरांना घट्टे पडतात व चट्टे उठतात, म्हणून जाड अंथरूण ही त्याची चैन नसून गरज आहे. थंड देशांत त्याला अंगरखा घालावा लागतो. उन्हाळ्याच्या दुपारी त्याला फिरावयास नेणे धोक्याचे. धावून तापलेले त्याचे मोठाले स्नायू लवकर निवत नाहीत. आहारात एकदम फेरबदल न करता आठ-दहा दिवसांत नवे अन्न थोडेथोडे वाढवावे. एकाच वेळी पोटभर खाऊ घालून लगेच पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडून तासा-दोन तासांत प्राणसंकट ओढवते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील श्वानगृहांतून आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात गोचिडांमार्फत शिरलेले जंतू कित्येक वर्षे दडून बसलेले आढळतात, म्हणून त्यांची एकदा चाचणी करून घेणे श्रेयस्कर. अमेरिकन ग्रेहाउंडाच्या उजव्या कानात त्याचा जन्ममहिना, वर्षाचा शेवटचा अंक आणि वेतातील क्रम दाखविणारे अक्षर गोंदलेले असते. त्यामुळे त्याचे खरे वय मालकाला नेमके कळते आणि वयानुरूप तपासण्या करता येतात.

शरीराची ही झाली कथा. मनाची आणखी निराळी. ज्या दिवशी हा कुत्रा प्रथम घरात पाऊल टाकतो, त्या दिवशी तो चार वर्षांचा असूनही कित्येक बाबतींत पिल्लाइतकाच अजाण असतो. त्याने जिना पाहिलेला नसतो, आरसा पाहिलेला नसतो. काचेचे दार त्याला मोकळी वाट वाटते आणि तो त्यावर जाऊन आदळतो, म्हणून काचेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून ठेवतात. जिना शिकविताना माणसाला त्याचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवावा लागतो. शिट्टी वाजविणाऱ्या कुकरला किंवा घुं घुं करणाऱ्या पंख्याला तो वाघासारखा भितो. या सर्व गोष्टींत मोठ्या आवाजात रागावणे व्यर्थ आहे. वेळापत्रक मात्र त्याला फार मानवते. मैदानावर त्याचे उठणे, खाणे, बाहेर जाणे सर्व घड्याळाबरहुकूम होते. घरीही ते तसेच ठेवले, तर तो फार लवकर रुळतो.

दोन गोष्टींत मात्र धीर धरावा लागतो. हा कुत्रा जन्मापासून आपल्या जातभाईंच्या संगतीत वाढलेला असतो. एकटेपणा म्हणजे काय हे त्याने कधी अनुभवलेले नसते. घरातली सर्व माणसे कामावर निघून गेली की तो विव्हळतो, दार ओरबाडतो. पहिल्या दिवशी एक मिनिट, मग पाच मिनिटे, मग पाव तास, अशा बेताने त्याला एकटे राहावयास शिकवावे. दुसरी गोष्ट झोपेची. त्याच्या कोठडीत निजताना त्याला कोणी स्पर्श केलेला नसतो. गाढ झोपेत, कधी कधी डोळे अर्धवट उघडे ठेवूनच, तो पडलेला असताना एखाद्या लहान मुलाने येऊन मिठी मारली, तर तो दचकून दात लावण्याचा संभव असतो. तो दुष्टपणा नव्हे. त्याला आधी नावाने हाक मारावी, जागे करावे, मग जवळ जावे, हा धडा कुत्र्याइतकाच घरातील मुलांना द्यावयाचा असतो.

आणि धावण्याची जुनी ओढ कधी पुरती जात नाही. लहानसे काही पळताना दिसले की त्याच्या मागे सुटावे, हेच तर त्याला शिकविलेले असते. मांजर अथवा लहान जातीचे पिल्लू त्याच्या दृष्टीस पडले की घरातला हा मवाळ प्राणी क्षणार्धात पुन्हा शिकारी होऊ शकतो. म्हणून कुंपण नसलेल्या जागी त्याला कधीही मोकळे सोडू नये, आणि प्रारंभी मांजराशी गाठ घालताना मुसके बांधावे. त्याची मान डोक्याहून रुंद असल्यामुळे साधा पट्टा सहज निसटतो. ओढ बसताच थोडा आवळला जाणारा रुंद पट्टा त्याच्यासाठी वापरतात. एवढी खबरदारी घेतली, तर दिवसातून दोन वेळा अर्धा-पाऊण तास फिरणे त्याला पुरते. उरलेला बहुतेक दिवस हा जगातला सर्वांत वेगवान कुत्रा झोपून काढतो!

मग या प्राण्याची जीवनशक्ती म्हणावयाची ती कोणती? केवळ दणकट शरीर म्हणजे जीवनशक्ती नव्हे. तसे पाहिले तर ग्रेहाउंडाची कातडी पातळ, हाडे मोडणारी, दात किडणारे, भूल न सोसणारी प्रकृती. त्याचे खरे सामर्थ्य निराळे आहे. ज्या माणसाने आपल्याला कोठडीत ठेवले, त्याच माणसाच्या जातीवर तो पुन्हा विश्वास ठेवू शकतो. चार वर्षे एक रीत अंगवळणी पडल्यावरही तो दुसरी रीत शिकतो. जिना चढावयास आठवडा घेणारा कुत्रा वर्षभराने जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून घरातील मुलांची शाळेतून परतण्याची वाट पाहतो. परंतु ही शक्ती आपोआप फुलत नाही. तिला सुरक्षित जागा, ठरलेली वेळ आणि समजूतदार माणूस लागतो. मिक द मिलरला डब्लिनच्या त्या शुश्रूषकाने जे दिले, तेच प्रत्येक निवृत्त कुत्र्याला कोणीतरी द्यावे लागते.

या कुत्र्याकडून दुसऱ्या कुत्र्यांना काय मिळते, तेही येथे नमूद करणे उचित होईल. ज्या दाट रक्तामुळे तो धावला, तेच रक्त निवृत्तीनंतर इतरांच्या उपयोगी पडते. तांबड्या पेशींचे जास्त प्रमाण, दुसऱ्या कुत्र्यास सहसा न बाधणारा रक्तगट आणि शांत स्वभाव यांमुळे पाश्चात्त्य देशांतील पशुवैद्यकीय रक्तपेढ्यांत ग्रेहाउंडाला उत्तम रक्तदाता मानतात. अपघातात सापडलेले एखादे परके कुत्रे त्याच्या रक्तावर वाचते, आणि हा मात्र बिस्कीट खाऊन घरी येऊन निजतो.

इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत आता पुष्कळ मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या दाराशी असा एखादा निवृत्त धावपटू येण्याचा संभव आहे. त्यांनी पशुवैद्याला त्याची जात आवर्जून सांगावी, त्याचे दात रोज घासावे, लंगडण्याकडे दुर्लक्ष करू नये आणि पहिले सहा महिने त्याच्याकडून कशाचीही घाई करू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ साधेल. इकडे राहणाऱ्यांनाही या विषयातून घेण्यासारखे काही आहेच. आपल्याकडे पोळ्याला, बेंदराला बैलाला न्हाऊ घालतात, त्याच्या खांद्याला तूप-हळद लावतात, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. परंतु ज्याच्या मानेवरून जू कायमचे उतरले, त्या म्हाताऱ्या बैलाच्या दावणीला वैरण पडते की नाही, यावरून त्या घरची रीत कळते. शर्यतीतून निवृत्त झालेल्या कुत्र्याविषयीही तोच प्रश्न आहे. ज्या वेगावर पैजा लावल्या, तो वेग ओसरल्यावर उरलेल्या सात-आठ वर्षांची जबाबदारी कोणी घ्यावयाची, याचे उत्तर त्या कुत्र्याला देता येत नाही. ते माणसालाच द्यावे लागते.